मुडपलेलं बोट

"बोट मुडप की गं, कांचे!" आबा मांडवाखालून ओरडले. "सरळ बोट दाखवलंस तर उद्या गळून पडंल ती."

कांचननं जीभ चावली, तर्जनी दुमडली आणि बोटाच्या पेरानं मला काकडी दाखवली. काकडी कसली, माझ्या करंगळीच्या निम्मी. शेंड्याला अजून पिवळं फूल चिकटलेलं होतं.

"आबा, आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात असलं काही नाही हं."

"पुस्तक लिवणाऱ्यानं कधी काकडी लावली होती का?"

"बोट दाखवल्यानं फळ कुजत नाही. फळमाशीमुळं कुजतं."

"मग माशीला बी सांग, बोट मुडपून बस म्हणून."

कांचन खो खो हसली. मी दारात धुण्याची बादली घेऊन उभी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचा बीजगणिताचा पेपर होता, म्हणून मी हसले नाही. दहावीच्या पोराची आई म्हणून मला तेवढं एकच काम होतं, न हसण्याचं.

"गणितं झाली का सगळी?" मी विचारलं.

"झाली."

"मग परत कर."

"शालन," आबा म्हणाले, "पोरगी पंधरा मिनिटं झाली अंगणात येऊन. तेवढ्यात बोर्ड काय दुसऱ्याला नंबर देत नाही."

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागं न्हाणी आणि पुढं चार पावलांचं अंगण. आबा म्हणजे माझे सासरे. बत्तीस वर्षं त्यांनी त्याच कारखान्यात बॉयलरवर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या नोकरीवर माझे मालक लागले आणि आबा त्या चार पावलांत शेती करायला लागले. हंगाम चालू असला की चिमणीतून काजळी पडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, पापडांवर पडायची, वेलांवर पडायची. आबा आणि कांचन रोज सकाळी ओल्या फडक्यानं काकडीचं एकेक पान पुसायचे. आख्ख्या कॉलनीत पानं पुसणारी ही दोनच माणसं. घोरपडेकाकू शेजारून म्हणायच्या, "शालन, तुझ्या घरात देवापेक्षा वेलाला जास्त आंघोळ हाय."

त्या दिवशी आबांनी कांचनला सांगितलं, "ही पहिली काकडी. शेवटचा पेपर देऊन यायचं, मग तोडायची. निम्मी तुला, निम्मी मला. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आईला?"

"आईला साली."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कांचन पेपरला गेली. साडेअकराला मी तांदूळ निवडत होते. अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, मांडवाची काठी पडली. आबा पडले होते. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते. त्यातला एकही शब्द शब्दासारखा नव्हता.

कारखान्याची जीप आली. माझे मालक पाळी सोडून धावत आले. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "कांचनला केंद्रावरनं आणू का?"

"नाही," मी म्हणाले.

"अगं, पण—"

"तुम्ही जावा. तिला मी बघते. परीक्षा संपेपर्यंत तिला काही कळता कामा नये."

हे मी एवढ्या पटकन का म्हणाले, ते सांगायला पाहिजे. मी दहावीला बसले होते तेव्हा माझे तीन पेपर झाले होते. चौथ्या पेपरात अर्ध्या तासानं माझे काका केंद्रावर आले. आजी शेवटच्या घटका मोजतीय, म्हणून मला बाकावरनं उठवून घेऊन गेले. आजी बेशुद्ध होती. तिनं मला बघितलं नाही, मी हाक मारली ती तिला ऐकू आली नाही, आणि चार दिवसांनी ती गेली. राहिलेले पेपर राहिले ते राहिलेच. ज्येष्ठात माझं लग्न झालं. पुढं जे काही शिकले ते पुड्याच्या कागदांवर, कारखान्याच्या वाचनालयात आणि कांचनच्या पुस्तकांवर. पहिलीपासून नववीपर्यंत मी तिच्याबरोबर परत शिकले. दहावीचं पुस्तक आलं तेव्हा त्याला कव्हर मीच घातलं. त्या वर्षी आमच्या घरातल्या दोघीजणी परीक्षेला बसल्या होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

कांचन दुपारी घरी आली.

"सोपा होता! आबा कुठं?"

"गावाकडं गेले बाबांबरोबर. बांधाची मोजणी आलीय."

"न सांगता?"

"निरोप अचानक आला. वेलाला पाणी तू घालायचं म्हणून सांगून गेलेत."

ती अंगणात गेली. वेलाच्या बुडाशी मातीत आबांचं खुरपं तसंच रुतून उभं होतं. आबा खुरपं कधी मातीत सोडायचे नाहीत. धुवायचे, पुसायचे आणि खुंटीला अडकवायचे, बॉयलरवरची सवय. मी खिडकीतून बघत होते. कांचननं खुरपं उपसलं, नळाखाली धुतलं, फ्रॉकला पुसलं आणि खुंटीला अडकवलं. मग घरात येऊन भूमितीचं पुस्तक उघडलं. काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. पोर शहाणी असली की आईबापांना वाटतं, ती आपलं ऐकतीय.

भूमितीच्या दिवशी ती पेपरला गेल्यावर मी एस. टी. धरली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. कोपऱ्यातली खाट होती. आबांचे डोळे उघडे होते. मला बघितल्यावर त्यांनी माझ्या मागं बघितलं, दाराकडं. मग परत माझ्याकडं.

"पेपर चांगले चाललेत आबा," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "वेलाला पाणी घालतीय ती."

त्यांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला, खाटेच्या कडेबाहेर नेला आणि अधांतरी धरला. हात थरथरत होता, पण ते तो खाली घेत नव्हते.

"काय म्हणतात?" मालकांनी विचारलं. "कालपासनं सारखं असं करतात. नर्सला पण कळंना."

मी त्या हाताकडं बघितलं.

"पाणी मागताहेत," मी म्हणाले.

मालकांनी चमच्यानं पाणी पाजलं. निम्मं गालावरनं ओघळलं. आबांनी हात खाली घेतला आणि डोळे मिटले. मी तीनच्या गाडीनं परत आले. कांचनला सांगितलं, रेशनच्या रांगेत होते.

विज्ञानाचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला घोरपडेकाकूंनी भिंतीपलीकडनं हाक मारली. "शालन, जरा पीठ चाळायला ये गं." टेलिफोन त्यांच्याकडे होता आणि काकूंना आयुष्यात कधी पीठ चाळायला दुसरं माणूस लागलं नव्हतं. मी काय ते समजले.

फोनवर मालक नुसते रडत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "इथनं परस्पर गावाकडं नेतो. तू कांचनला घेऊन ये."

"परवा पाडवा. तेरवा तिचा शेवटचा पेपर. उद्याही पेपर आहे."

"आबा गेलेत, शालन."

"मला कळतंय. तुम्ही तिकडंच थांबा. डोकं भादरून इकडं येऊ नका. तेरवा दुपारी मी तिला घेऊन येते."

"आणि तू? मातीला पण येणार नाहीस?"

मी फोन खाली ठेवला. माझ्या लग्नात हुंडा घ्यायचा नाही म्हणून सख्ख्या भावाशी भांडलेला माणूस. बाळंतपणात मला स्वतःच्या हातानं खारीक कुटून देणारा. त्याच्या मातीला मी गेले नाही. काकूंच्या न्हाणीत सुतकाची आंघोळ केली, तिथंच तोंडात पदर कोंबून जेवढं रडता येईल तेवढं रडले आणि घरी आले.

कांचन इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होती. तिनं मान वर केली.

"परत आंघोळ केलीस?"

"उकडतंय किती."

ती माझ्या ओल्या केसांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अठराशे सत्तावन्न," आणि खाली बघितलं.

दुपारी काकूंनी झाकून पिठलं-भाकरी पाठवली. मी म्हटलं, काकूंनी जास्त केलं होतं. कांचननं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट घासून परत द्यायला स्वतः गेली. काकू मला नंतर म्हणाल्या, "पोरीनं मला काही विचारलं नाही गं. नुसती माझ्या तोंडाकडं बघून उभी राहिली. मीच आत पळाले."

इतिहासाचा पेपर देऊन आली त्या संध्याकाळी ती वेलाला पाणी घालत होती. काकडी आता वीतभर झाली होती. बाकीच्या लहान कळ्या ती स्वतःशीच मोजत होती, बोट मुडपून. मोजता मोजता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, उद्या गुढी उभारायची ना?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"न उभारायला काय झालं?"

"काही नाही. आबा, बाबा दोघं पण नाहीत म्हणून विचारलं."

"आपण दोघी उभारू."

ती वळली. माझ्याकडे सरळ बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"मग काठी मी काढते," ती म्हणाली.

आमच्या गुढीला वेगळी काठी नव्हती. वर्षभर जी वेळूची काठी मांडवाला टेकू असायची, तीच आबा पाडव्याच्या आदल्या दिवशी काढायचे, धुवायचे, आणि पाडवा झाला की परत मांडवाला लावायचे. कांचननं ती काढली. तिच्या जागी घरातला बांबू लावला. काकडीला धक्का लागू नये म्हणून एका हातानं वेल उचलून धरला होता.

तिन्हीसांजेला काकू भिंतीशी आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "शालन, मी काय ऐकतीय? सुतकात गुढी?"

"गुढी नाही दिसली तर तिला कळेल काकू. एक पेपर राहिलाय. एकच."

"अगं पण तिकडं राख अजून गरम असंल."

"पाप लागलं तर मला लागू दे."

"तुला लागू दे म्हणून तुला लागतं असं कुठं असतं का?" काकू म्हणाल्या. पण सकाळी त्यांनीच गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा आणून दिला. आख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. नळावर सगळ्या बायका होत्या, कुणी तोंडातनं शब्द काढला नाही. त्या दिवसाइतकी चांगली वागलेली माणसं मी परत बघितली नाहीत.

मी काठीला माझी हिरवी साडी बांधली. कडुलिंब बांधला, गाठी बांधली, वर तांब्या उपडा घातला. हळदीकुंकू लावलं. मनात म्हटलं, आबा, तुम्ही बॉयलरवर होता, वाफ कधी कोंडायची ते तुम्हाला माहीत. समजून घ्या.

कांचन उंबऱ्यावर उभी होती. मदत करत नव्हती, नुसती बघत होती. दोन्ही हात छातीशी घट्ट. मी काठी उचलली, खिडकीच्या गजाला बांधली. साडीचा पदर वाऱ्यानं फुलला. मी मागं वळून बघितलं.

तिचा चेहरा असा काही उजळला होता की मला बघवेना. धावत येऊन तिनं मला मिठी मारली. सोळा वर्षांची घोडी, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती कुणास ठाऊक.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाडवा!"

कडुलिंब-गूळ तिनं तोंड वाकडं न करता खाल्ला. पुरणाच्या चार पोळ्या खाल्ल्या. गाठीतला मोठा तुकडा मोडून कागदात बांधला. "आबांना." मग भूगोलाचं पुस्तक घेऊन मांडवाखाली बसली आणि मोठमोठ्यानं नद्या पाठ केल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज अंगणात घुमला. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मला वाटलं, जमलं आपल्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रावरनं पळतच आली. दप्तर फेकलं, खुरपं घेतलं आणि देठ नीट ठेवून काकडी तोडली.

"चल!"

"कुठं?"

"गावाकडं. आबांकडं. निम्मी त्यांची आहे ना."

मी तिला घरीच सांगणार होते. शब्द जुळवून ठेवले होते. ते तसेच राहिले. ओल्या फडक्यात काकडी गुंडाळून ती मांडीवर घेऊन एस. टी.त बसली आणि दीड तास बोलत होती. कुठल्या प्रश्नाचं उत्तर काय लिहिलं, कॉलेजात कुठला विषय घेणार, आबांना मांडव कसा वाढवायचा हे सांगायचंय. प्रत्येक थांब्याला मी ठरवत होते, पुढच्या थांब्यापर्यंत सांगते. गाडी गावात शिरली. मी म्हटलं, "कांचन, ऐक—"

ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

थांब्यावर तिचे बाबा उभे होते. डोक्यावर टोपी होती. आम्हाला बघून त्यांनी ती नकळत काढली. भादरलेलं डोकं उन्हात पांढरं दिसलं. मिशा नव्हत्या.

कांचन पायरीवरच थांबली. मागची माणसं "उतरा की" म्हणून ढकलत होती. ती उतरली. बापाच्या डोक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कधी?"

"आज चौथा दिवस, बाळ," तिचे बाबा म्हणाले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, उत्तर सांगितल्यासारखा. "खुरपं मातीत होतं. तुझे केस ओले होते. काकूंनी पिठलं दिलं. मला सगळं माहीत होतं, आई. फक्त पाडव्याची वाट बघत होते. म्हटलं, सुतक असेल तर आई गुढी उभारणार नाही. आई काही पण करेल, पण ते करणार नाही."

मी तिचा हात धरायला गेले.

"तू गुढी उभारलीस," ती म्हणाली.

घरात बायकांनी गळा काढला. ती कुणाच्या गळ्यात पडली नाही. मागच्या बाजूला गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. मी लांबून बघत होते. तिनं काकडी फडक्यातनं सोडवली आणि खायला लागली. सालीसकट, देठाकडचं कडू टोक न कापता, आख्खी. निम्मी ठेवली नाही. मला साल दिली नाही.

तिला एक्क्याऐंशी टक्के पडले. बाहेरगावी होस्टेलला राहिली, शिकली, आता नाशिकला बँकेत आहे. माझ्याशी भांडली कधीच नाही. फोन करते, औषधं पाठवते. फक्त मी "बरं आहे" म्हटलं की पलीकडं एक क्षण थांबते आणि विचारते, "खरं?" एकोणीस वर्षं झाली, तो क्षण काही कमी झालेला नाही.

तिच्या घरी ती गुढी उभारत नाही. जागा नाही म्हणते.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आधी दोन दिवस ती आली, लेकीला, जुईला घेऊन. आम्ही आता गावातच राहतो. मी परसात काकडी लावते. जुई सहा वर्षांची आहे. वेलाखाली गेली आणि ओरडली, "आजी, ही बघ बेबी काकडी!" आणि बोट सरळ.

कांचननं झटकन पुढं होऊन तिचं बोट मुडपलं. विचार न करता. मग आपणच केलेलं बघून तिनं हात मागं घेतला.

माझ्या तोंडातनं निघून गेलं. इतकी वर्षं मी हे कुणाला, ह्यांनासुद्धा, सांगितलं नव्हतं.

"कांचन, भूमितीच्या दिवशी मी रेशनला गेले नव्हते. दवाखान्यात गेले होते. आबा शुद्धीत होते."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"त्यांना बोलता येत नव्हतं. डावा हात खाटेबाहेर काढून अधांतरी धरला होता. बाबांना कळेना, नर्सला कळेना. मी म्हटलं, पाणी मागताहेत." मी वेलाकडं बघितलं. "बोट मुडपलेलं होतं. पेर खाली करून दाखवत होते. मला बघताक्षणी कळलं होतं, ते काय दाखवताहेत. कुणाला मागताहेत."

जुई वेलाच्या पानांमधून आमच्याकडं बघत होती.

"खरं?" कांचननं विचारलं.

"खरं."

"किती उंच धरला होता हात?"

मी हात पुढं केला. बोट मुडपलं, पेर खाली केलं आणि कमरेच्या जरा वर अधांतरी धरलं. हात थरथरत होता, पण मी तो खाली घेतला नाही.

"मी तेव्हा एवढीशी नव्हते," कांचन म्हणाली. "तुझ्यापेक्षा उंच होते."

"हो."

"ए, मी एवढीच आहे!" जुईला वाटलं, उंची मोजायचा खेळ चाललाय. ती पळत आली आणि माझ्या हाताखाली ताठ उभी राहिली. माझ्या बोटाचं पेर बरोबर तिच्या केसांना टेकलं.

कांचन बघत राहिली. मग वळली, नळाखाली झारी धरली, आणि ती भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.